पाणकोंबडीची डावी तार

"मानवानं वाऱ्यावर अंतिम विजय मिळवला आहे," असं बंदर क्लबचे कमोडोर भरुचा यांनी ऑक्टोबरातल्या एका रविवारी क्लबच्या हिरवळीवर उभं राहून जाहीर केलं. टाळ्या झाल्या. नारळ फुटला. मग जिवंत तारा बसवलेल्या क्लबच्या साऱ्या होड्या मुंबई बंदरात शर्यतीच्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या. त्या दिवशी वारा आलाच नाही. दुपार कलल्यावर बोंबील घेऊन परतणाऱ्या एका ट्रॉलरनं त्यांना एकामागे एक दोरीला बांधलं आणि बदकाच्या पिल्लांसारखं धक्क्यापर्यंत ओढत आणलं. दोरी सोडताना ट्रॉलरच्या तांडेलानं अगदी मनापासून विचारलं, "जिंकलं कोण?"

दोरीला सगळ्यांत शेवटी बांधलेली होडी होती 'पाणकोंबडी'. क्लबातल्या बाकीच्या होड्यांची नावं झंझावात, वादळ, रणधीर अशी होती. पाणकोंबडीचं नाव ठेवणाऱ्या विजयकर वकिलांचं म्हणणं असं, की होडीनं नावाला जागावं अशी अपेक्षा ठेवायची तर नाव झेपेल असं ठेवावं. वकील जाऊन बरीच वर्षं झाली होती. होडी आता त्यांच्या दोन मुलांची होती, आणि मुलं साठीच्या आसपासची होती.

वकिलांनी जाताना घरादाराची वाटणी केली नाही. ती मुलांनी आपसांत, फारसा आवाज न करता उरकली. होडीची वाटणी मात्र त्यांनी स्वतः, शुद्धीवर असताना, साक्षीदारासमोर केली होती. सुकाणू कौस्तुभचं, तारा शलाकाच्या. त्यानं तारा आवळायच्या पेचांना हात लावायचा नाही आणि तिनं शर्यतीत सुकाणूच्या दांड्याला. साक्षीदार म्हणून त्यांची आई होती. तिला दोन्ही गोष्टींतलं काही कळत नसल्यामुळे ती निःपक्षपाती होती.

ज्यांनी अशी होडी फक्त पोस्टकार्डावर पाहिली आहे, त्यांना वाटतं की डोलकाठीच्या तारा काठी पडू नये म्हणून असतात. तसं पाहिलं तर माणसाचा कणाही तो पडू नये म्हणूनच असतो. पण तारांचं खरं काम निराळं. पाणकोंबडी सात मीटरची, दोघांनी हाकायची. तळाला शिशाचा भरीव पंख, म्हणून ती कलते पण उलटत नाही. तिची डोलकाठी धनुष्यासारखी वाकू शकते. वाकली की शीड चपटं होतं, सरळ झाली की शिडाला पोट सुटतं. मंद वाऱ्यात पोट हवं, जोराच्या वाऱ्यात नको. आणि काठीचा शेंडा वाऱ्याच्या झोतात किती ढळू द्यायचा, हे बाजूच्या तारा ठरवतात. तार सैल असली तर झोत आल्याबरोबर शेंडा ढळतो, शिडातला वरचा वारा सांडून जातो आणि होडी आपल्याला माफ करते. तार घट्ट असली तर सगळा जोर होडीत उतरतो. होडी सुसाट सुटते, पण त्याच क्षणी सुकाणूवर हात हलावा लागतो. घट्ट तार माफ करत नाही.

हे सैल-घट्ट ठरवणं म्हणजे शलाकाचं आयुष्य होतं. पोटापाण्यासाठी ती जुन्या इमारतींची तपासणी करायची आणि "अजून किती वर्षं?" या प्रश्नाला रहिवाशांना झोप लागेल पण बिल्डरला लागणार नाही अशा बेतानं उत्तर द्यायची. जीव मात्र रविवारच्या तारांमध्ये. शर्यतीच्या सकाळी ती डोलकाठीच्या बुंध्याशी उताणी पडायची, एक डोळा मिटून काठीवरून वर शेंड्यापर्यंत नजर टाकायची, तारेला तंबोऱ्यासारखी टिचकी मारून ऐकायची, आणि तळाचा टर्नबकल, म्हणजे तार आवळायचा तो पितळी पेच, पाव फेरा फिरवायची. वर दांड्याशी बसलेल्या कौस्तुभला ती फक्त "झालं" एवढंच सांगायची. तो "बरं" म्हणायचा. दोघांच्या नात्यातला बहुतेक संवाद या दोन शब्दांत आटोपलेला होता आणि दोघांपैकी कुणालाच तो अपुरा वाटला नव्हता.

मग जिवंत तार आली.

ती पुण्याच्या तीन पोरींनी काढली. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं सूत कातायचं आणि त्याला असा पीळ द्यायचा, की बारीकशी वीज सोडली तर सूत स्नायूसारखं आखडेल आणि वीज काढली की सैल पडेल. गंमत पुढेच आहे. ताण बदलला की या सुतातून वीज वाहण्याची सोयही बदलते, त्यामुळे आपल्यावर किती ताण आला आहे ते तार स्वतःच ओळखते. एकाच धाग्यात स्नायूही आला आणि स्पर्शही. डोलकाठीच्या बुंध्याशी डबीएवढा संगणक बसवला, की तो दर क्षणाला साऱ्या तारांना विचारतो, काय म्हणता? आणि त्या म्हणतील त्याप्रमाणे कुणाला आवळतो, कुणाला सोडतो. पंधरा दिवसांत त्याला वारा कळतो. महिन्याभरात होडी कळते. त्यानंतर त्याला सुकाणूवरचा माणूस कळू लागतो. तो कुठे घाई करतो, कुठे कचरतो. जिथे माणूस कमी पडतो तिथे तारा भर घालतात, आणि माणसाला वाटतं आपण फार सुधारलो.

तारेची आणखी एक खोड होती. ती सोसेल ते लक्षात ठेवायची. कोल्हापुरी चप्पल जशी महिन्याभरात पायाचा आकार घेते, तशी वीज बंद केल्यावरही तार तिच्या रोजच्या सवयीच्या लांबीवर येऊन विसावायची. कंपनीच्या माहितीपत्रकात याला दोष म्हटलं नव्हतं. 'व्यक्तिमत्त्व' म्हटलं होतं.

बघता बघता जिवंत तार पुलांना लागली, गुडघ्यांच्या पट्ट्यांना लागली. एका मंत्रिमहोदयांकडून पाठीच्या कण्यासाठीही विचारणा झाली होती म्हणतात. तार मुळात असलेलीच वस्तू ताठ करू शकते, असं कंपनीनं नम्रपणे कळवलं.

पाणकोंबडीला तारा बसवायचं कौस्तुभनं ठरवलं तेव्हा शलाकाला आधी ती थट्टा वाटली. कौस्तुभ दातांचा डॉक्टर. गिरगावातल्या अर्ध्या जबड्यांना त्याचा हात लागलेला. यंत्रांचा त्याला मनापासून तिटकारा. फोनही तो चिमट्यात धरल्यासारखा धरायचा.

"तू? तू तारा बसवणार?"

"सगळेच बसवतायत."

"सगळे मेणाचा पुतळाही बसवतील स्वतःचा. दादा, तारा माझ्या आहेत."

"तुझ्याच राहतील की. फक्त आवळायचा त्रास नको."

"मी त्रास होतो म्हणून कधी बोलले?"

"शलू, आता साठी आली आपली. उताणं पडून वर बघतेस, मानेला बरं नाही ते."

"माझ्या मानेची तुला एवढी काळजी कधीपासून?"

डाव्या हातानं चहाचा कप उचलून त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. त्याच वर्षी त्यानं दवाखानाही बंद केला होता. कंटाळा आला म्हणाला होता. लोकांच्या तोंडात पाहून पाहून कंटाळा येणं शलाकाला इतकं स्वाभाविक वाटलं, की तिनं पुढे विचारलं नाही.

त्या हंगामात पाणकोंबडी जिंकू लागली. आधी कुणाचा विश्वास बसला नाही, पाणकोंबडीचा तर मुळीच नाही. बंदर चषकासाठी हंगामभराचे गुण धरतात. वकील हयातभर त्या चषकामागे धावले आणि दुसरे आले. आता मार्च उजाडताना पाणकोंबडी पहिली होती, आणि शेवटच्या शर्यतीत पहिल्या पाचांत आली तरी चषक विजयकरांकडे येणार होता. कौस्तुभच्या हाताचं कौतुक होत होतं. "डॉक्टर, वय चढेल तसा हात मुरतोय तुमचा!" शलाका पाण्याच्या बाटल्या आणि डबा सांभाळत पुढच्या बाजूला बसायची. मुख्य शिडाची दोरी तिच्या हातात असायची, पण तारा इतक्या समजूतदार होत्या की दोरीलाही फारसं काम नव्हतं. तिला आपण चांगल्या घरात दिलेल्या पोरीकडे राहायला आलेल्या आईसारखं वाटायचं. सगळे मान देतात आणि कुणी कशाला हात लावू देत नाही.

कौस्तुभशी ती बोलायची. "झालं" आणि "बरं" मात्र बंद पडले होते.

हंगामातली शेवटची शर्यत ही हात-शर्यत असायची. जुन्या तारवाल्यांनी कुरकुर केली म्हणून क्लबनं ही एक सवलत दिली होती: त्या दिवशी तारांची वीज बंद, तारा झोपलेल्या, जे काय करायचं ते टर्नबकलनं आणि हातानं. तरुण मंडळी तिला ज्येष्ठ नागरिकांची राखीव जागा म्हणायची. शलाका वर्षभर त्या दिवसाची वाट पाहत होती.

त्या सकाळी ती कौस्तुभच्या आधी धक्क्यावर पोचली. डबीची वीज काढली. तारांमधून एक बारीकसा सुस्कारा गेला आणि त्या सवयीच्या लांबीवर येऊन थांबल्या. कापडात गुंडाळलेला पाना शेजारी ठेवून ती बुंध्याशी उताणी पडली, एक डोळा मिटला आणि वर पाहिलं.

डोलकाठी सरळ नव्हती.

शेंडा उजवीकडे झुकला होता. फार नाही, मनगटभर. कारण उघड होतं: डाव्या बाजूची तार उजवीपेक्षा लांब होऊन बसली होती. शलाकानं टिचकी मारली. उजवी तार टणत्कारली. डावी नुसतीच हं म्हणाली.

इमारतीच्या भिंतीवरचा तडा पाहून आतलं काय खचलं आहे ते ओळखण्यात तिची उमर गेली होती. हा तडा तिला ओळखीचा वाटला. कुठे पाहिला, ते आठवायला क्षणभर लागला. मग आठवलं. उन्हाळ्यात क्लबात शिकाऊ मुलं येत, तेव्हा त्यांच्या होड्यांच्या तारा ती अशाच सैल लावून द्यायची, कारण नवख्याचा हात झोतानंतर हलतो. शेंडा ढळला, वारा सांडला, पोराचा हात उशिरा आला तरी चालतं. ही डोलकाठी नवख्यासाठी लावलेली होती. आणि फक्त एकाच बाजूनं.

ती पडल्या पडल्याच विचार करत राहिली. वारा डावीकडून येतो तेव्हा सगळा भार डाव्या तारेवर. त्या वेळी सुकाणूवाला डाव्या काठावर, वाऱ्याच्या बाजूला बसतो. तिथे बसून पुढे पाहिलं की दांडा त्याच्या उजव्या हातात येतो. वारा उजवीकडून असला की तो उजव्या काठावर बसतो, आणि दांडा डाव्या हातात. उजवी तार ठणठणीत होती. म्हणजे डावा हात ठणठणीत होता.

उजवा हात उशिरा येत होता. एखाद्या दिवशी नव्हे. तारेला सवय लागावी इतके महिने.

मग एकेक गोष्ट आपण होऊन येऊन बसली. डाव्या हातातला चहाचा कप. गेल्या वर्षापासून बटणांच्या सदऱ्यांऐवजी टी-शर्ट. नात्यातल्या एका लग्नात आहेराच्या पाकिटावर त्यानं तिलाच नाव घालायला लावलं होतं. दवाखाना. त्यांच्या आईच्या वडिलांना कंपवात होता. तेही आधी हात थरथरून नव्हे, हात मागे राहून सुरू झालं होतं, असं आई सांगायची.

तारांनी ते सगळं हंगामभर झाकलं होतं. कुणाला न सांगता, त्यालाही न कळू देता. तेव्हा तरी तिला तसं वाटलं.

"झोपलीस की काय?" कौस्तुभ धक्क्यावर उभा होता. "सरळ आहे?"

शलाका उठून बसली. सांगायचं तर आत्ता, धक्क्यावर, पाय जमिनीवर असताना. सांगितलं तर तो दांडा सोडेल. बाबांची वाटणी मोडेल. चषक राहिला बाजूला, त्याचे रविवार जातील. दवाखाना गेल्यावर त्याच्याकडे दुसरं होतं काय? आणि तिनं मन घट्ट करून काठी सरळ केली, डावी तार आवळली, तर आजच्या वाऱ्यात पहिल्या झोताला त्याचा हात सगळ्यांसमोर उघडा पडेल.

तिनं पाना उचलला, डाव्या टर्नबकलवर ठेवला, मनगटाला झटका दिल्यासारखं केलं. पाना फिरला नाही. तिनं तो कापडात गुंडाळून ठेवला.

"झालं," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. इतक्या महिन्यांनी तो शब्द आला होता.

दुपारी वायव्येचा वारा भरला. पाण्यावर पांढरे ठिपके दिसू लागले. शर्यत सुटली तेव्हा पाणकोंबडी चौथी होती, पहिल्या बोयाला, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणेला, वळसा घालताना तिसरी. वारा उजवीकडून असेतो सगळं छान चाललं. कौस्तुभ गप्प होता आणि चष्म्यातून पाण्याकडे टक लावून पाहत होता. एरवी शर्यतीत तो बाकीच्या होड्यांच्या खोड्या काढायचा. आज त्याचे ओठ हलत होते, पाठांतर म्हटल्यासारखे. शलाकानं ते चषकाच्या खाती जमा केलं.

मग वळून त्यांनी वारा डावीकडून घेतला. कौस्तुभ डाव्या काठावर आला. दांडा उजव्या हातात गेला.

समोरून, वारा उजवीकडून घेऊन, वादळ येत होती. इरा नाखवाची होडी. इरा पंचविशीतली, बोलायला मऊ आणि सुकाणूवर निर्दय. अशा वेळी हक्क तिचा: वारा उजवीकडून असलेल्या होडीला डावीकडून घेणाऱ्यानं वाट द्यायची. पण पाणकोंबडीजवळ वेग होता. ती वादळच्या नाकासमोरून सहज निघून जाणार होती. शलाकानं अंतर पाहिलं, कौस्तुभनंही पाहिलं.

तेवढ्यात पाण्यावरून एक काळा डाग धावत आला. झोत.

शलाका मनात म्हणाली, ये. डावी तार सैल आहे. शेंडा ढळेल, वारा सांडेल, त्याचा हात येईल तेव्हा येईल.

पण कौस्तुभनं झोत अंगावर यायच्या आधीच दांडा ढकलला होता. चांगला दोन श्वास आधी. पाणकोंबडीनं नाक वाऱ्यात वर घेतलं. त्याच क्षणी झोत आदळला, शेंडा ढळला, वरचा वारा सांडला. जोर एकदा त्यानं काढून घेतला होता आणि एकदा तिनं सैल ठेवलेल्या तारेनं. होडीत काहीच उरलं नाही. ती ताडकन सरळ उभी राहिली, शिडं फडफडली, आणि पाणकोंबडी वादळच्या बरोबर समोर पाण्यात उभी राहिली.

"डॉक्टर! काय करताय! हला!" इरा किंचाळली आणि सगळं वजन टाकून वादळचं सुकाणू फिरवलं. वादळच्या पुढच्या टोकावर जुईली म्हणून तिची सोबतीण होती. तिनं धक्का मारून दूर करायला हात पुढे केला. दोन होड्यांच्या मधे तो हात शलाकाला स्पष्ट दिसला, पाचही बोटं पसरलेली. मग "हात काढ!" असं कुणीतरी ओरडलं. तो आवाज आपलाच होता हे शलाकाला मागाहून कळलं. जुईलीनं हात घेतला, आणि जिथे तो होता तिथे लाकडावर लाकूड करकरत घासून गेलं.

वादळ पुढे निघून गेली. जाता जाता इरानं मागे वळून पाहिलं. शिवी देईल असं वाटलं होतं. तिनं नुसतंच पाहिलं.

पाणकोंबडी फडफडत राहिली.

"डावी तार सैल होती," कौस्तुभ म्हणाला.

"हो."

"तू म्हणालीस झालं."

"हो. आणि तू दांडा आधीच का ढकललास? झोत पोचलाही नव्हता."

शलाकानं त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्यावरच्या पुढच्या काळ्या डागाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"तू पाणी वाचत होतास," ती हळूच म्हणाली. "झोत दिसला की मोजायचास. हात वेळेवर पोचावा म्हणून आधी निघायचास."

"रोज सकाळी सराव केला. क्लबची लहान होडी घेऊन."

"मला वाटलं फिरायला जातोस."

"पाण्यावर फिरायलाच." तो जरा हसला. मग हसू राहिलं तिथेच राहिलं. "तुला कधी कळलं?"

"आज सकाळी. डोलकाठीत दिसलं. तुला?"

"एका दाढेत. बाईंनी तोंड उघडलं होतं, मी हाताला म्हटलं चल. हात म्हणाला, हो पुढे, आलोच."

"म्हणून दवाखाना."

"म्हणून दवाखाना. आणि म्हणून तारा."

"आणि मी वर्षभर धरून बसले, की चषकासाठी तू मला काढलंस!"

"तुला काढलंच, शलू." तो तिच्याकडे न बघता बोलला. "तुझा हात तारेवर राहिला असता, तर दुसऱ्या रविवारी तू मला पकडलं असतंस. तारा हुशार आहेत, पण विचारत नाहीत."

शलाकाला राग शोधूनही सापडेना. वर्षभर जपून ठेवलेला, चांगला धडधाकट राग होता. एकाच उणिवेला त्यानं आतून ठिगळ लावलं होतं आणि तिनं बाहेरून, दोघांनीही एकमेकांना जपण्यासाठी. आणि त्या दोन ठिगळांच्या मधे दुसऱ्याच्या पोरीचा हात आला होता.

कौस्तुभनं दांडा पुन्हा नीट धरला. "हरकत नाही. वाट अडवल्याबद्दल शिक्षेचा गोल वळसा घेऊ आणि पुढे निघू. आता दोघांनाही माहीत आहे. तू तार तशीच ठेव, मी आधी ढकलत नाही. अजून चौथे येऊ. पाचात यायचंय फक्त."

खरं होतं ते. अगदी जमण्यासारखं होतं. चषक दिवाणखान्यात बाबांच्या फोटोखाली ठेवता आला असता. शलाका आयुष्यभर होडीत आकडे सांगत आली होती. अमुक ताण, अमुक वारा. काय करायचं ते दांड्यावरच्यानं ठरवायचं, तिनं नाही. वाटणीच तशी होती.

"दादा," ती म्हणाली. "सोड."

"तार आवळायची असेल तर नियमात..."

"तारेचा प्रश्न नाहीये."

"शलू, चषक..."

"जुईलीचा हात पाहिलास?"

शर्यतीत दांडा एकानं सोडून दुसऱ्यानं घेतला की होडी बाद, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुन्हा कधी तो धरता येणार नाही, हे नियमात नव्हतं. तेही दोघांनाही ठाऊक होतं.

"पाहिला," तो म्हणाला. "पाची बोटं शाबूत होती."

"होती."

"बरं," तो म्हणाला.

आणि त्यानं दांडा सोडायचं ठरवलं. ठरवल्यावर थोडा वेळ काहीच झालं नाही. बोटं दांड्यावर तशीच होती. सोडायलाही त्या हाताला उशीर होत होता. तो आपल्या हाताकडे, दवाखान्याबाहेर बसलेल्या घाबरट पेशंटकडे पाहावं तसं पाहत होता. धीर देत, घाई न करता. शलाका हात पुढे करून ओणवी उभी होती. तिनं बोटं सोडवली नाहीत. वाट पाहिली. मग करंगळी सुटली, मग बाकीची.

दोघांनी वाकून, शिडाच्या आडव्या काठीखालून सरकत जागा बदलल्या. या वयात ते काही शोभिवंत दृश्य नव्हतं. मग तिनं वॉकीटॉकी उचलला.

"पाणकोंबडी शर्यतीतून बाहेर."

"अरे! काय झाला?" पंचांच्या होडीवरून भरुचांचा आवाज आला. "डॉक्टर बरा हाय ना? कारण काय लिहू?"

शलाकानं कौस्तुभकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडून वॉकीटॉकी घेतला, डाव्या हातानं.

"लिहा, सुकाणू बदललं," तो म्हणाला आणि बंद केला.

शलाकानं दांडा ओढला. वारा शिडांत भरला. पाणकोंबडी कलली आणि निघाली. दांड्यातून पाण्याचा दाब तिच्या तळव्यात आला, जिवंत, थोडा हट्टी. इतकी वर्षं ती ज्याच्यासाठी तारा लावत होती ते हे. झोत आला. तिनं वेळेवर हात हलवला, पण शेंडा आधीच ढळून बसला होता आणि होडी मवाळपणे, नको तितकी क्षमा करत, रेंगाळली. ही होडी तिच्या हातासाठी लावलेलीच नव्हती.

"डावी आवळू का?" समोरून कौस्तुभनं विचारलं. त्याच्या हातात पाना होता. आयुष्यात पहिल्यांदा.

"आवळ. पाव फेरा."

तो टर्नबकलवर वाकला. डावा हात आणि पाना यांची ओळख नव्हती, दोनदा घसरला.

"आणखी पाव," ती म्हणाली. "थांब. टिचकी मार."

त्यानं टिचकी मारली. तार अजून पुरती जागी नव्हती, पण नुसती हं म्हणायची थांबली होती.

"झालं?" त्यानं विचारलं.

"बरं," ती म्हणाली.

शर्यत पुढे निघून गेली होती. दूर पाण्यावर शिडांचे पांढरे त्रिकोण शेवटच्या बोयाकडे सरकत होते आणि वादळ सगळ्यांच्या पुढे होती. उरणच्या बाजूच्या क्रेन उन्हात उभ्या होत्या. कौस्तुभ तिच्याकडे पाठ करून पुढे बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून, त्यावर डावा हात. त्याचे खांदे एकदोनदा हलले, आणि शलाकानं मुद्दाम शिडाच्या शेंड्याकडे पाहिलं. आता तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. बाबांबद्दल, हाताबद्दल, पुढच्या वर्षांबद्दल. त्याला काय उत्तर द्यायचं याची ती मनात जुळवाजुळव करू लागली. त्यातलं एकही वाक्य पुरं पडेल असं तिला वाटेना.

"शलू," शेवटी तो म्हणाला, आणि तिच्याकडे वळला. डोळे लाल होते आणि तो तिच्याकडे जरा आंधळेपणानं पाहत होता.

"बोल, दादा."

"जरा उठतेस का? माझा चष्मा तुझ्या खाली आहे."